गोल्डनचा रंग कोणत्या देशाचा?

वीस इंच उंचीची एक गोल्डन रिट्रीव्हर मादी आहे, असं समजा. ब्रिटनमधल्या श्वानप्रदर्शनात ती निर्धास्त उभी राहील, कारण तिथल्या केनेल क्लबच्या मानकात मादीची उंची २० ते २२ इंच दिली आहे. तिलाच विमानात घालून अमेरिकेला न्या. तिथे मादी साडेएकवीस ते साडेबावीस इंचांची हवी, आणि या मर्यादेपेक्षा एक इंचाहून जास्त फरक पडला तर थेट बाद. कुत्री तीच, तिचे आईबाप तेच. अटलांटिकच्या एका काठावर ती नमुनेदार, दुसऱ्या काठावर अपात्र.

आपल्याकडे पिल्लू शोधायला निघालेल्या माणसाला ‘ब्रिटिश हवं की अमेरिकन?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. जणू त्या दोन वेगळ्या जाती आहेत. तशा त्या नाहीत. जात एकच आहे, तिचं मूळ घर एकच आहे, आणि त्या घरची जन्मनोंदींची वहीसुद्धा आज उपलब्ध आहे. फरक मात्र डोळ्यांना दिसतो आणि तो खरा आहे. तो आला कुठून, हे पाहायचं तर आधी त्या वहीकडे जावं लागेल.

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये गुइसाकन नावाची इस्टेट होती. मालक डडली मार्जोरिबँक्स. (लिहितात मार्जोरिबँक्स, उच्चारतात मार्चबँक्स, इंग्रजी आडनावांचं आणि स्पेलिंगचं कधीच जमलेलं नाही.) बँकवाल्यांच्या घराण्यातला, स्वतः मद्याच्या कारखान्याचा भागीदार, पुढे १८८१ मध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ झालेला हा गृहस्थ शिकारीचा भारी शौकीन होता. त्या काळात बंदुका सुधारत होत्या, त्यामुळे पक्षी लांब पडू लागले होते. कधी ओढ्यापलीकडे, कधी दलदलीत. असा पडलेला पक्षी पोहत जाऊन, दात न रुतवता, मालकाच्या हातात आणून देणारा कुत्रा हवा होता. ‘रिट्रीव्हर’ या शब्दात एवढंच काम आहे: आणून देणं.

१८६५ मध्ये मार्जोरिबँक्सने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनमध्ये एक पिवळा नर विकत घेतला. नाव नूस. काळ्या, लाटदार केसांच्या रिट्रीव्हरच्या वेतात एकटंच पिवळं निपजलेलं ते पिल्लू. १८६८ मध्ये त्याचा जोड बेल नावाच्या ट्वीड वॉटर स्पॅनियल मादीशी लावला. ही पाण्यात कामाला वाघीण असलेली जात आता नामशेष झाली आहे. त्यांना चार पिवळी पिल्लं झाली. तिघांना पिवळ्या फुलांची नावं दिली: क्रोकस, प्रिमरोज आणि काउस्लिप. चौथी एडा. आज जगात जिथे जिथे गोल्डन आहे, त्याची वंशावळ मागे मागे नेली की या वेतापाशी येऊन थांबते.

मधल्या काळात एक दंतकथा मात्र जोरात चालली. ब्रायटनला आलेल्या रशियन सर्कशीतली कसरती करणारी कुत्री लॉर्डसाहेबांनी सगळीच्या सगळी विकत घेतली आणि त्यांच्यापासून ही जात झाली, अशी. गोष्ट झकास होती, लोकांना आवडली, आणि काही दशकं ती इतिहास म्हणून छापली गेली. पण मार्जोरिबँक्स माणूस व्यवस्थित. १८३५ ते १८९० पर्यंतच्या कुत्र्यांच्या नोंदी वहीत होत्या. १९५२ मध्ये त्या वहीतला तपशील प्रसिद्ध झाला आणि त्यात एकही रशियन कुत्रा सापडला नाही. केनेल क्लबने हे मूळ अधिकृतपणे मान्य करायला १९६० उजाडलं. सर्कशीची गोष्ट अजूनही अधूनमधून कानावर येते. चांगली गोष्ट मरायला वेळ लागतो.

आता काळ्या आईबापांच्या पोटी पिवळा नूस कसा आला? याचं उत्तर व्हिक्टोरियन काळातल्या पैदासकारांना ठाऊक नव्हतं, आज ते सोपं आहे. कुत्र्याच्या केसात दोनच रंगद्रव्यं असतात, एक काळं-तपकिरी आणि दुसरं लाल-पिवळं. एमसी-वन-आर नावाचं जनुक हे काळं द्रव्य चालू करण्याची कळ आहे. या जनुकाची बिघडलेली प्रत आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आली, तर केसात काळं द्रव्य उतरतच नाही. काळ्या कुत्र्यात एक बिघडलेली प्रत गुपचूप बसलेली असू शकते. असे दोन काळे एकत्र आले की सरासरी चारातलं एक पिल्लू पिवळं. नूस तसा. जगातल्या प्रत्येक गोल्डनकडे या बिघडलेल्या प्रतीच दोन-दोन असतात, म्हणून शुद्ध गोल्डनमध्ये काळं पिल्लू होत नाही. नाक आणि डोळ्यांच्या कडा मात्र काळ्या राहतात, कारण कातडीतला रंग या कळीवर अवलंबून नाही.

म्हणजे सायीसारखा फिका कुत्रा काय आणि तांब्याच्या घंगाळासारखा लालसर कुत्रा काय, दोघांच्या केसात एकच द्रव्य आहे. कुठे पातळ, कुठे दाट. ते किती दाट उतरावं हे ठरवणारी जनुकं वेगळी आहेत, आणि ती सगळी गुइसाकनच्या वंशात होतीच. तिथे नंतरच्या पिढ्यांत पुन्हा काळे रिट्रीव्हर मिसळले, तांबडा सेटर मिसळला. फिक्यापासून गडदापर्यंतचा सगळा पट्टा एकाच घरात उपलब्ध होता. त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे पुढे ठरलं. आणि दोन किनाऱ्यांवर ते वेगवेगळं ठरलं.

ते ठरवणारा कागद म्हणजे जातीचं मानक. ब्रिटनमध्ये लॉर्ड हारकोर्टने १९०८ मध्ये हे कुत्रे पहिल्यांदा प्रदर्शनात मांडले, १९११ मध्ये त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. त्या वेळच्या मानकात रंगाबद्दल स्पष्ट लिहिलं होतं: गडद सोनेरी हवा, आयरिश सेटरइतका तांबडा नको आणि क्रीमही नको. पण क्रीम पिल्लं निपजत होती, कामातही ती उणी नव्हती. शेवटी १९३६ मध्ये ब्रिटिशांनी मानकातलं ते वाक्य बदललं. तेव्हापासून तिथे सोनेरी किंवा क्रीम यांची कुठलीही छटा चालते. लाल आणि महोगनी तेवढी चालत नाही.

अमेरिकेतली तारीख इथे महत्त्वाची आहे. लॉर्ड ट्वीडमाउथचा मुलगा आर्ची टेक्ससमध्ये रँच सांभाळायला गेला होता आणि १८९० च्या दशकात त्याच्याजवळ लेडी नावाची गोल्डन होती. त्याची बहीण इशबेल म्हणजे लेडी अॅबरडीन. तिचे यजमान १८९३ ते १८९८ कॅनडाचे गव्हर्नर जनरल. म्हणजे कुत्रे समुद्रापार पोचले होते. पण अमेरिकन केनेल क्लबच्या दप्तरात पहिला गोल्डन नोंदला गेला १९२५ मध्ये, आणि जात म्हणून मान्यता मिळाली १९३२ मध्ये. ब्रिटिशांनी क्रीमसाठी दार उघडायच्या चार वर्षं आधी. अमेरिकेने घेतलेल्या पुस्तकात ते पान बदललेलं नव्हतं, आणि पुढे अमेरिकनांनी ते आपल्या पद्धतीनेच लिहिलं. आजच्या अमेरिकन मानकात चमकदार सोनेरीच्या वेगवेगळ्या छटा मान्य आहेत, मात्र अगदी फिका आणि अगदी गडद हे दोन्ही नापसंत. फिका कुत्रा तिथे बाद होत नाही, पण परीक्षकाची नजर त्याच्यावर ठरत नाही. आणि ज्याच्यावर नजर ठरत नाही, त्याचा जोड कोण लावणार? दहा-पंधरा पिढ्या हे चाललं की अख्ख्या देशातल्या कुत्र्यांचा रंग सरकतो.

त्यात भर पडते ती पाया घालणाऱ्या मोजक्या कुत्र्यांची. कॅनडातल्या व्हँकूव्हरला कर्नल सॅम्युअल मगॉफिन यांचं रॉकहेवन केनेल होतं. त्यांनी इंग्लंडहून स्पीडवेल प्लूटो नावाचा नर आणला. अमेरिकेत सगळ्या जातींच्या कुत्र्यांमधून ‘बेस्ट इन शो’ जिंकणारा हा पहिला गोल्डन. तो जिंकला म्हणून त्याला मागणी आली, मागणी आली म्हणून त्याची पिल्लं पसरली. समुद्रापार गेलेल्या मूठभर कुत्र्यांची ठेवण मग सगळ्या देशाची ठेवण होते. गाण्यातल्या घराण्यांचं असंच होतं. एक गवय्या गाव सोडून दुसऱ्या संस्थानात जातो, त्याच्या गळ्याच्या लकबीसुद्धा शिष्य शास्त्र म्हणून उचलतात, आणि तीन पिढ्यांनी मूळ घराण्याचे लोक म्हणतात, हे आमचं गाणं नाही.

ठेवणीतला फरक पाहायचा तर दोन्ही कुत्रे बाजूने पाहावेत. ब्रिटिश वळणाचा गोल्डन आखूड पायांचा वाटतो, हाडापेराने भरलेला, पाठ खांद्यापासून शेपटीपर्यंत सरळ, डोकं रुंद, डोळे गडद आणि गोलसर. नर ५६ ते ६१ सेंटिमीटर, मादी ५१ ते ५६. ब्रिटिश मानकात वजनाचा आकडाच नाही. अमेरिकन वळणाचा गोल्डन थोडा उंच, अंगाने सडसडीत, मागच्या पायांना जास्त बाक, केस लांब आणि छातीवर, मांड्यांवर, शेपटीला भरघोस झालर. तिथे नर २३ ते २४ इंच आणि ६५ ते ७५ पौंड, म्हणजे साधारण साडेएकोणतीस ते चौतीस किलो, असं लिहूनच ठेवलं आहे.

यातला काही भाग मात्र चक्क कात्रीचा आहे. ब्रिटिश रिंगणात उतरणाऱ्या कुत्र्याच्या गळ्याखालचे आणि छातीवरचे केस विरळ करून मान-खांद्याची रेषा मोकळी करतात. अमेरिकेत गळ्याभोवतीची आयाळ तशीच राखायची, धुऊन-वाळवून फुलवायची. प्रदर्शनातल्या दोन फोटोंवरून ‘दोन जाती’ ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दोघांना आठवडाभर शेतात सोडा, मग फोटो काढा.

कॅनेडियन प्रकाराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पुस्तकं सांगतात की तो उंच, आखूड आणि विरळ केसांचा, गडद रंगाचा. पण कॅनडाच्या मानकातली उंची अमेरिकेसारखीच आहे आणि दोन देशांतले ब्रीडर सीमेपलीकडे सतत कुत्र्यांची देवाणघेवाण करत आलेत. तिसरा प्रकार म्हणून तो मोजायचा हट्ट मला तरी पटत नाही.

त्यापेक्षा मोठी फूट दुसरीकडेच आहे आणि तिचा देशाशी संबंध नाही. प्रत्येक देशात गोल्डनचे दोन गट पडलेत: रिंगणातले आणि रानातले. रानात खरोखर पक्षी आणणाऱ्या ओळींतले कुत्रे लहानखुरे, चपळ, कमी केसांचे आणि बहुतेकदा गडद, कधी लालसरच असतात. ब्रिटिश मानकात लाल रंग बसत नाही, पण शिकारीच्या चाचणीत मानक उघडून कोण बघतो? पक्षी आला की झालं. ब्रिटनमधला रानातला गोल्डन आणि अमेरिकेतला रानातला गोल्डन शेजारी उभे केले, तर ते आपापल्या देशातल्या प्रदर्शनवाल्या भाऊबंदांपेक्षा एकमेकांसारखे जास्त दिसतील. ब्रिटिशांनी या फुटीवर एक शहाणपणाचा नियम केला आहे. नुसती प्रदर्शनं जिंकणाऱ्या गोल्डनला तिथे ‘शो चॅम्पियन’ म्हणतात. पूर्ण ‘चॅम्पियन’ म्हणवून घ्यायचं तर कामाची पात्रताही दाखवावी लागते. अमेरिकेत प्रदर्शन जिंकलं की ‘चॅम्पियन’. अर्थात अमेरिकन गोल्डनला नुसता शोभेचा समजण्याचं कारण नाही. आज्ञापालनाच्या स्पर्धेत अमेरिकन केनेल क्लबने १९७७ मध्ये ‘ओबिडियन्स ट्रायल चॅम्पियन’ हा किताब सुरू केला, तो मिळवणारे पहिले तिन्ही कुत्रे गोल्डन होते.

आरोग्याचा विषय निघाला की पिल्लू विकणाऱ्याचा सूर बदलतो. ‘ब्रिटिश लाइन आहे साहेब, अमेरिकनला कॅन्सर होतो.’ याच्या मुळाशी दोन पाहण्या आहेत. अमेरिकेतल्या गोल्डन क्लबने १९९८ च्या सुमारास केलेल्या पाहणीत मृत्यू पावलेल्या गोल्डनपैकी सुमारे ६० टक्के कर्करोगाने गेल्याचं आढळलं. ब्रिटनच्या केनेल क्लबच्या २००४ च्या पाहणीत हा आकडा ३९ टक्क्यांच्या आसपास होता. फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण दोन्ही पाहण्या मालकांनी भरून दिलेल्या उत्तरांवर उभ्या आहेत, प्रश्न वेगळे, पद्धत वेगळी. शिवाय दोन देशांत कुत्र्यांचं जगणंही सारखं नाही. नसबंदी कधी करायची, करायची की नाही, इथपासून रिवाज बदलतात. अमेरिकेत २०१२ पासून तीन हजारांहून अधिक गोल्डनना आयुष्यभर नोंदीत ठेवणारा एक मोठा अभ्यास सुरू आहे, कारण हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आणि ३९ टक्के म्हणजे काही अभयपत्र नव्हे.

उलट बाजूचा दाखलाही आहे. गोल्डनच्या कातडीवर कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात असा एक आनुवंशिक विकार आहे, इक्थिओसिस. त्याला कारण असलेला जनुकातला दोष २०१२ मध्ये सापडला, आणि तो युरोपातल्या गोल्डनमध्ये चांगलाच पसरलेला आहे. डोळ्याच्या आत रंगद्रव्य साचून दृष्टी घालवणारा एक आजार मात्र मुख्यतः अमेरिकेतल्या गोल्डनमध्ये नोंदला गेला. दोन्ही किनाऱ्यांनी आपापली दुखणी वारशात दिली आहेत.

आता ‘इंग्लिश क्रीम’. हे नाव अमेरिकेतल्या बाजारात जन्मलं. कुठल्याही केनेल क्लबच्या जातींच्या यादीत ते नाही. फिक्या रंगाच्या गोल्डनला तिथे ‘इंग्लिश क्रीम’, ‘प्लॅटिनम’, ‘दुर्मीळ पांढरा’ असली बिरुदं लावून जास्त किमतीला विकतात. ज्या इंग्लंडचं नाव घेतात तिथे हा रंग दुर्मीळ नाहीच, प्रदर्शनात तर सर्रास दिसतो. आपल्याला हा प्रकार नवा नाही. एप्रिल लागला की पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर प्रत्येक पेटीवर ‘देवगड हापूस’ छापलेलं असतं. तेवढे आंबे पिकवायला देवगड तालुका समुद्रात आणखी वीस कोस सरकवावा लागेल.

भारतात गोल्डन नोंदवते ती केनेल क्लब ऑफ इंडिया, आणि प्रदर्शनात लागू होतं ते एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघाचं मानक क्रमांक १११, ज्याचं मूळ ब्रिटिश आहे. त्यामुळे आपल्या रिंगणात क्रीम चालतो आणि कागदोपत्री आपण ब्रिटिश बाजूला आहोत. प्रत्यक्षात इथल्या वंशावळींत दोन्हीकडचं रक्त मिसळलेलं आढळतं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्रे आणण्यावर बंधन घातलं, तेव्हापासून ‘इम्पोर्ट लाइन’ या शब्दाचा भाव वाढला आहे. ‘हेवी बोन’, ‘शो क्वालिटी’ हे त्याचेच सोबती. यांतल्या एकाही शब्दाने कुत्र्याचा खुबा कसा आहे ते कळत नाही, आणि गुळगुळीत फरशीच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गोल्डनच्या आयुष्यात खुब्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

रंगावरच मन बसलं असेल तर निदान पिल्लाचे कान पाहा. गोल्डनचं पिल्लू जन्मतः फिकं असतं आणि वयाबरोबर गडद होतं. मोठेपणीचा रंग साधारण कानांच्या रंगाकडे जातो. दीड महिन्याचं दुधाळ पिल्लू ‘क्रीम’ म्हणून घरी आणलेल्या कितीतरी जणांकडे वर्षभराने छान मधाळ सोनेरी कुत्रा फिरत असतो. त्यात बिघडलेलं काहीच नाही, जास्तीचे दिलेले पैसे तेवढे गेले. दीड महिन्याचं पिल्लू विकणंही मुळात नियमात बसत नाही. २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

तेव्हा पिल्लू बघायला जाल तेव्हा ते कोणत्या देशाच्या वळणाचं हा प्रश्न शेवटी विचारा. आधी म्हणा, याची आई दाखवा. ती माणसाजवळ येते का, चालताना मागून लचकते का, बघा. मग आईबापांच्या खुब्यांचे एक्सरे आणि डोळे-हृदयाच्या तपासणीचे कागद मागा. नोंदणीचं प्रमाणपत्र पुढे केलं तर तेही घ्या, पण त्यात आईबाप कोण एवढंच लिहिलेलं असतं, ते निरोगी आहेत असं नाही. आणि आई ‘गावाला’ आहे असं उत्तर मिळालं, तर पिल्लू कितीही सायीसारखं असो, तिथून निघा.